पाऊण तास आणि भाकरतुकडा

माझ्या धाकट्या बहिणीचं विमान माझ्या घराच्या डोक्यावरून उतरायचं. औरंगाबादेत मुकुंदवाडीला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता आणि मी शहरातल्या एका शाळेत शिकवत होते. विमान खाली यायला लागलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या, टीव्हीवरची बाई वाकडीतिकडी व्हायची आणि शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "आली बघा तुमची बहीण." जशी काही ती सगळी खटपट माझ्या बहिणीसाठीच चालली होती. विमानतळ हाकेच्या अंतरावर म्हणून लोक आम्हाला नशीबवान समजत. त्या नशिबाचा मला उपयोग एवढाच होता, की तिला आणायला रिक्षाला कमी पैसे लागायचे.

ती मुंबईला दिलेली. नवरा मोठ्या पगाराचा, त्याची कंपनी विमानाचा खर्च द्यायची, मग हिलाही सवय लागली. एकदा विमानानं आली ती पुन्हा कधी रात्रीच्या गाडीनं आलीच नाही. बाहेर यायची तेव्हा केस जसेच्या तसे, साडीची घडी मोडलेली नाही, आणि पहिलं वाक्य ठरलेलं.

"पाऊण तास गं अक्का. चहा पिऊन होतो न होतो तोच पट्टा बांधायला सांगतात. सरळ हवेतनं तीनशे किलोमीटरसुद्धा नाही अंतर."

हे ती मला सांगायची, रिक्षावाल्याला सांगायची, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पिशोरला सांगून झालेलं असायचं. पिशोर आमचं माहेर. वडील लवकर गेले, शेती भाऊ बघायचा, आणि माय त्याच्याजवळ असायची. मुंबईहून औरंगाबाद पाऊण तास, हे ऐकून गावातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. औरंगाबादेहून पिशोर किती, हे मला कुणी कधी विचारलं नाही.

मीच सांगते. शनिवारी शाळा सकाळची असायची. ती सुटली की तशीच बसस्टँडवर जायचं. गाडी कन्नडवरून जाणारी. दौलताबादच्या घाटात ती धापा टाकायची, खुलताबादला नारळाची पोती चढायची, वेरूळला लेणी बघायला आलेल्यांच्या मोटारींनी रस्ता अडवलेला असायचा आणि त्यांचे फोटो काढून होईपर्यंत आमचा कंडक्टर खिडकीतून शिव्या द्यायचा. कन्नडला ड्रायव्हर चहाला उतरला की आपला जीव त्याच्या बशीत अडकलेला. सगळं सुरळीत असलं तर अडीच तास, आणि सगळं सुरळीत क्वचितच असायचं. पावसाळ्यात पायाशी पाणी, उन्हाळ्यात मांडीला चिकटणारं रेक्झिन, शेजारी कुणाची तरी कोंबडी. अशी मी वर्षानुवर्षं दर शनिवारी जात होते. मायच्या डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचं तेल, गुलमंडीच्या बाजारातून तिला आवडतं तसं जाड कापडाचं लुगडं, हे सगळं माझ्या पिशवीतून जायचं. माझ्या बहिणीच्या पिशवीतून सुकामेवा यायचा. मायला दात नव्हते, पण सुकामेव्याचा डबा देव्हाऱ्याशेजारी ठेवला जायचा आणि माझं गुडघ्याचं तेल चुलीमागं.

आता खरं दुखणं सांगते.

आमच्याकडं लांबून कुणी आलं की त्याला तसं घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं करतात. घरातली मोठी बाई भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन येते, तोंडावरून ओवाळते, तुकडा लांब फेकते, पाणी पायाशी ओतते आणि ओला हात आलेल्याच्या डोळ्यांना लावते. वाटेत काय काय अंगाला चिकटलं असेल, कुणाकुणाची नजर लागली असेल, ते तिथंच उतरून जावं म्हणून. मग आत. नवरीला, बाळंतिणीला, परगावाहून परतलेल्याला, सगळ्यांना हा मान. माझ्या बहिणीला तो दर खेपेला मिळायचा. मला लग्नानंतर पहिल्या फेरीला मिळाला, तेवढाच.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा तुकड्यासाठी? तर ऐका. ती आली की आम्ही दोघी मिळून पिशोरला जायचो. ती असली की जीप असायची. त्या जीपमध्ये मी तिच्या शेजारी बसलेली असायचे, तीच धूळ, तेच धक्के, तोच घाट. जीप दारात थांबायची, आम्ही दोघी एकदमच उतरायचो, आणि माय ओसरीवरून हात वर करायची.

"थांब गं, तितंच थांब."

हे तिला. आणि मग मला, "तू ये की आत. जा, टोपल्यातनं भाकर आण वाईच, अन् तांब्या भर."

म्हणजे तुकडा मी मोडायचा, पाणी मी भरायचं, आणि ते तिच्यावरून ओवाळलं जाताना मी दाराच्या आत उभी राहून बघायचं. ती डोळे मिटून उभी राहायची. पाण्याचा हात डोळ्यांना लागला की तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख यायचं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरच्या कुत्र्यालाही हे कळलं होतं. जीपचा आवाज आला की ते शेपूट हलवत तुकडा पडायच्या जागेवर जाऊन बसायचं. मी एकटी एसटीनं आले की ते मान उचलायचे कष्टसुद्धा घ्यायचं नाही. कुत्र्याचाही मला राग येत होता, हे मी लपवत नाही.

एकदा मी मायला तोंडावर विचारलं. बहीण परसात गेली होती.

"मी काय कमी लांबून येते का? तिला लागतो पाऊण तास, मला अडीच."

माय निवडत होती ती डाळ तशीच निवडत राहिली. "ती इमानातनं येती बाई. तू काय, इथंच असती."

विमानाचं मायच्या मनात एक भय होतं, ते मला ठाऊक होतं. अठ्ठेचाळीस साली, निजामावरच्या पोलिस ॲक्शनच्या वेळी ती लहान पोर होती. शेतात सगळे काम करत असताना आभाळातून घरघर आली आणि कुणीतरी ओरडलं म्हणून सगळेच बाजरीत पालथे पडले. विमान आपलं निघून गेलं, कुणाला काही झालं नाही, पण मायचा श्वास त्या मातीत अडकला तो अडकलाच. त्यानंतर तिच्या लेखी विमान म्हणजे वर गेलेलं माणूस खाली येईलच असं नाही. आपली पोर त्यात बसते, याचा तिला अभिमान होता आणि ती खाली उतरेपर्यंत घोर. हे सगळं मला समजत होतं. समजून उमजूनसुद्धा माझ्या पोटातलं दुखणं काही कमी झालं नाही.

मग मी हिशोबाला लागले. बहिणीकडून गोडीत एकेक गोष्ट काढून घेतली. घरातून कितीला निघालीस, मुंबईत विमानतळावर पोहोचायला किती वेळ लागला, किती आधी जावं लागतं, सामान यायला किती थांबलीस. सगळं मिळवलं तर तिचा अख्खा दिवस जात होता. पाऊण तास फक्त हवेतला होता. बाकीचं सगळं माझ्यासारखंच, रांगेत उभं राहणं आणि गर्दीत बसणं. मला इतका आनंद झाला, की त्या शनिवारी मी एसटीत हसत बसले होते. घरी पोहोचल्या पोहोचल्या मी मायला सगळं उलगडून सांगितलं. पाऊण तास म्हणजे शुद्ध थाप आहे, म्हटलं. तिला मुंबईच्या घरापासून तुझ्या दारापर्यंत यायला सकाळपासून संध्याकाळ होते.

माय ऐकत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं माय माय माय. लई हाल होत्यात म्हणायचे पोरीचे."

पुढच्या खेपेला बहीण आली तेव्हा मायनं तिला तुकडा तर ओवाळलाच, वर पाय चेपायला भावजयीला बसवलं. मी केलेल्या हिशोबाचं मला मिळालेलं फळ ते.

पन्नाशी उलटल्यावर मला विमानात बसायची संधी मिळाली. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, तिनं दोन्हीकडची तिकिटं पाठवली. मी आधी आढेवेढे घेतले, कारण तिच्या पैशानं जाणं माझ्या नाकाला झोंबत होतं. पण मग मनात एक विचार आला आणि मी मुकाट्यानं तयार झाले. येताना मी विमानातून येणार होते. मुंबईहून. म्हणजे लांबून.

मुंबईत मी बहिणीशी नीट वागले नाही. ती लग्नाच्या धबडग्यातही माझ्याजवळ येऊन बसायची आणि मायबद्दल विचारत राहायची. माय अजून भाकरी थापते का, पहाटे उठून काय म्हणते, रागावली की अजून तसंच ताट सरकवते का. मी तुटक उत्तरं दिली. होय. नाही. असंच काहीतरी. माझ्याजवळ हजार गोष्टी होत्या आणि त्यातली एकही तिला द्यायची नव्हती. तिच्याकडं विमान होतं, फ्लॅट होता, भाकरतुकडा होता. या गोष्टी तरी माझ्या एकटीच्या राहू देत, असं वाटलं.

परतीचं विमान सकाळचं होतं. मी खिडकीशी बसले. खाली ढग, मग डोंगर, मग एकदम ओळखीची काळी जमीन. चहा खरंच पिऊन होतो न होतो तोच पट्टा बांधायला सांगितलं. उतरताना आमची गच्ची दिसते का बघितलं, दिसली नाही. शेजारणीला काचा थरथरल्याचा आवाज आला असेल आणि तिनं सवयीनं कुणाला तरी हाक मारली असेल, या विचारानं मला मजा वाटली. शनिवार होता. घर इतकं जवळ असून मी घरी गेले नाही. बॅगेला विमानवाल्यांनी लावलेली कागदी पट्टी तशीच ठेवली. रिक्षा केली, बसस्टँड गाठलं आणि नेहमीच्या गाडीत नेहमीच्या खिडकीशी बसले. जीप करावी हे सुचलंच नाही. दर शनिवारची सवय, आणि जीपला एवढे पैसे कोण देतो.

पिशोरला उतरले, ओढ्यावरचा पूल ओलांडला, घरासमोर आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. बॅगेची पट्टी पुढं येईल अशी बॅग धरली. कुत्रं आता दुसरं होतं, पण त्यानंही मान उचलली नाही.

"आली व्हय," माय म्हणाली. "बाहेर काय हुभी ऱ्हायली? मिरच्या वाळाया घातल्यात, आभाळ आलंय, उचल बघ आधी."

"माय, मी विमानातनं आले."

"कोण?"

"मी. मुंबईहून. लग्नाला गेले होते ना. आज सकाळी विमानातनं उतरले."

माय हसली. "काय तर बोलती. एश्टीतनं उतरली तू. मी बघितलं की हितनं."

मी बॅगेची पट्टी दाखवली. मायला वाचता येत नव्हतं आणि डोळ्यांना जवळचं दिसतही कमी होतं. मी आवाज चढवला. म्हटलं, तुला फक्त तिचंच कौतुक. मी मेले तरी तू म्हणशील इथंच असते. भावजय आतून येऊन बघून गेली. मायनं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं, आणि मला वाटलं आता उठेल, टोपल्याकडं जाईल. ती म्हणाली, "उन्हातनं आली, डोकं तापलं असंल. आधी पाणी पी. मग मिरच्या उचल."

मी मिरच्या उचलल्या. हातांची आग झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि कुणाला कारण सांगायची गरज पडली नाही.

त्यानंतर मी तो विषय सोडला. म्हणजे तोंडातून सोडला. बहीण येत राहिली, तुकडे ओवाळले जात राहिले, मी टोपल्यातून भाकर आणत राहिले. शहराचं नाव बदललं, मुकुंदवाडीत इमारती उठल्या, मी नोकरीतून निवृत्त झाले. आणि माय हळूहळू विसरायला लागली. आधी वार विसरली, मग जेवलो की नाही ते, मग माणसं. भावाला ती कधी वडिलांच्या नावानं हाक मारायची. मला ओळखण्यात मात्र ती चुकत नव्हती. मी पुलावरून येताना दिसले की "आली व्हय" म्हणायची आणि काहीतरी काम सांगायची. बहिणीला तिनं दोनदा ओळखलं नाही, तेव्हा बहीण ओसरीवर रडली. मला वाईट वाटलं. आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

मग तो शनिवार आला. एसटीवाल्यांचा संप नुकताच मिटला होता, गाड्या निघतील की नाही भरवसा नव्हता. मुलानं नवी मोटार घेतली होती, तो म्हणाला, आई, मला कन्नडला काम आहे, तुला पुढं पिशोरपर्यंत सोडतो. मोटार थेट घराच्या दारात थांबली. मला उतरवून तो लगेच वळला. माय ओसरीवर बाजेवर बसली होती. तिनं मोटारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हात वर केला.

"थांब गं, तितंच थांब."

मी थांबले. तिनं भावजयीला हाक मारली. भावजय तुकडा आणि तांब्या घेऊन आली, मला बघून गोंधळली. मी मान हलवून तिला गप्प केलं. माय भिंतीला धरून उठली. तुकडा माझ्या तोंडावरून फिरला, कपाळाला लागला, मग तिनं तो फेकला, तो तिच्या पायाशीच पडला. पाणी सांडलं. आणि तिचा ओला हात माझ्या डोळ्यांना लागला. गार, खरबरीत हात. इतकी वर्षं मी दाराच्या आतून बघत होते ते हे. बहीण डोळे का मिटायची ते मला कळलं.

"इमान नीट आलं का गं?"

मी आहे, अक्का आहे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ते ओलं बोट अजून पापणीवर होतं. म्हटलं, "हो माय. नीट आलं."

"बस हितं बाजंवर. आत नको जाऊ, धूर हाय. पाव्हण्यानं बसावं. अक्का यील आता, ती करंल तुला चहा."

मी बाजेवर बसले. पाहुणीसारखी, पाय खाली सोडून. माय पुलाकडं बघत होती. पलीकडच्या वळणावर एसटी थांबते, ते तिथून दिसतं. मला एवढंच ठाऊक होतं, की मी पुलावर आले की माय ओसरीवर असते. ती किती आधीपासून तिथं असते, हे मला कधी दिसायचं कारणच नव्हतं. मी तर गाडीत असायचे.

"उशीर झाला आज," ती स्वतःशीच म्हणाली. मग थोड्या वेळानं, "घाटात आडकली असंल." मग, "तिचं बरंय, ती येती. न सांगता येती." विमान नीट आलं का, हे तिनं मला एकदाच विचारलं होतं. त्या गाडीबद्दल ती बोलत राहिली.

गाडी आली. माणसं उतरली, पुलावरून पुढं यायला लागली. माय एकेकाकडं डोळे बारीक करून बघत होती. शेवटचं माणूस दुसऱ्या गल्लीत वळलं तेव्हा तिचा चेहरा असा उतरला, की मला बसवेना. मी त्या जागी बसले होते, जिची मला जन्मभर हाव होती, आणि तिथं बसून मला पुन्हा हेवाच वाटत होता. न आलेल्या त्या अक्काचा.

मी उठले. पिशवी घेतली. परसातून बाहेर पडले, गोठ्यामागच्या पायवाटेनं ओढ्यात उतरले, पलीकडं चढून रस्त्याला लागले. या वयात मला धाप लागली. मग सरळ पुलावरून घराकडं चालत आले, नेहमीसारखी.

"आली व्हय," माय म्हणाली. "किती उशीर. जा, चहा टाक आधी. धाकटी आलीय इमानानं."

मी तशीच आत गेले. उंबऱ्यावरून मला कुणी अडवलं नाही. भावजय चुलीपाशी उभी होती, तिनं साखरेचा डबा पुढं केला. मी धाकटीसाठीसुद्धा कप भरला, तिला कमी साखर लागते तशी, आणि ताटली घेऊन ओसरीवर आले. मायनं आपला कप घेतला आणि बाजेवरच्या रिकाम्या जागेकडं बघितलं.

"कुठं गेली गं ती?"

"गेली, माय."

"इतक्यात?"

"तिचं काय. पाऊण तासाचा तर रस्ता."

मायनं बाजेवरची गोधडी हातानं सारखी केली.

"जाऊ दे तिला," ती म्हणाली. "तू बस."